बागबाजारातली पिवळी चिठ्ठी

कोलकात्याहून आलेल्या माणसाला लोक दोन गोष्टी विचारतात: संदेश आणलात का आणि ट्राममध्ये बसलात का. मी दोन्ही केलं. खजुराच्या नव्या गुळाचे संदेश आणले, ते सोसायटीत वाटले, सगळ्यांनी बोटं चाटली आणि म्हणाले, काय मजा आहे बाई तुझी. मी हसले. खरं सांगायचं तर त्या सहा दिवसांत मी जे करून आले ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. पण ज्यांनी कोलकाता पाहिलेलं नाही त्यांना निदान माझ्या निमित्ताने थोडं दिसेल, आणि माझीही एकदा कबुली होईल, म्हणून लिहितेय.

माझं काम आधी सांगते. सरकारी मालकीची एखादी जुनी इमारत पडून असली, की तिचं पुढे काय करायचं हे आसपासच्या लोकांना विचारायचं. सभा घ्यायची, रंगीत चिठ्ठ्या वाटायच्या, लोकांना बोलतं करायचं. एकोणीस वर्षं हेच करतेय. कुठलं कचेरीचं जुनं घर, कुठला बंद पडलेला दवाखाना. ऑफिसात म्हणायचे, सुमनताई दगडालाही बोलतं करतील. आणि मला ते खरं वाटायचं, हीच तर गंमत आहे.

सोमवार, वहिनींकडे

माझ्या चुलतभावाचं घराणं तीन पिढ्या कोलकात्यात आहे. भाऊ गेला, पण शरयूवहिनी दक्षिण कोलकात्यातल्या त्याच घरात मुलाबरोबर राहतात. त्या बंगाली शाळेत शिकवायच्या. त्यांचं मराठी पुण्यासारखंच, फक्त मधेच एखादा शब्द वेगळ्या वाटेने येतो. मी दमून बसले तर म्हणाल्या, "पाणी खाणार का गं?" बंगालीत पाणी खातात. चहाही खातात आणि सिगारेटही.

रात्रीच्या जेवणात चिंगरी माछ, म्हणजे कोलंबी, नारळाच्या दुधात. आमच्या वाईच्या आजीने नुसतं नाव ऐकून अंघोळ केली असती. मी दोनदा घेतली.

रोहन हा वहिनींचा मुलगा, आयटीत आहे. मराठी कळतं सगळं, बोलताना अडखळतो. उद्या बागबाजारला सोडशील का विचारलं तर अगदी प्रेमाने म्हणाला, "मी चेष्टा करेन, आत्या." मी म्हटलं, "बाबा रे, माझी चेष्टा करायला लोक पुण्यात पुष्कळ आहेत." तो गोंधळला. वहिनी हसून हसून लाल झाल्या. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मग त्या म्हणाल्या, इथले शब्द आपल्या ओळखीचे वाटतात, पण जरा जपून, चेहरा तोच असला तरी माणूस वेगळा असतो.

मी पण हसले. मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं, हे नीट लक्षात ठेवा.

मंगळवार, पंपघर

रोहनची चेष्टा काही सफल झाली नाही, त्याला मीटिंग निघाली. मी मेट्रोने शोभाबाजारला उतरले आणि चालत निघाले.

उत्तर कोलकात्यात चालण्यासारखं सुख नाही. घराच्या दाराशी दगडी ओटा असतो, त्याला रॉक म्हणतात. त्यावर बनियनवर मफलर गुंडाळून म्हातारे बसलेले, पेपर एक आणि वाचणारे पाच. आपल्याकडचा कट्टा, पण कट्ट्यावर आपण दुसऱ्याची उणीदुणी काढतो आणि इथे जगाची काढतात. थंडी म्हणावी तर आपल्याकडच्या दिवाळीएवढी, आणि लहान पोरं मात्र माकडटोपी घालून हिमालयात निघाल्यासारखी.

ज्यांनी आम्हाला बोलावलं त्या खात्याचे अधिकारी वाट बघत उभे होते. त्यांना दत्तबाबू म्हणूया. गोड माणूस. भेटल्या भेटल्या म्हणाले, मॅडम, मराठ्यांच्या स्वारीच्या भीतीने शहराने खंदक खणला होता ना, तो ह्या बागबाजारातूनच सुरू झाला होता, तुम्हाला अडवायला. मी म्हटलं, आता आम्ही घोड्यावरून येत नाही, चिठ्ठ्या घेऊन येतो. दोघंही हसलो. त्या विनोदावर मी दिवसभर खूश होते.

पंपघर म्हणजे नदीकाठची विटांची जुनी इमारत. गंगेचं पाणी खेचून रस्ते धुवायला सोडायचं, यासाठी बांधलेली. कमानीच्या खिडक्या, उंच छप्पर, आत गंजलेली दोन प्रचंड चाकं. पंप कधीच बंद पडलेत. पलीकडे आगगाडीचे रूळ, रुळांपलीकडे घाट, आणि घाटाखाली गढूळ, रुंद गंगा. मला तर बघताक्षणी तिथे काय काय होऊ शकेल ते दिसायला लागलं. इथे चहा-कॉफीचं दुकान, तिथे नदीच्या इतिहासाचं दालन. लोकांना विचारायच्या आधीच मला दिसतं, ही माझी जुनी खोड.

मुख्य दालनाच्या बाजूला घाटाकडे तोंड करून एक लहान खोली होती. तिला कुलूप. मी फळीच्या फटीतून डोकावले. आत एक दोरी बांधलेली, भिंतीला फुटक्या आरशाचा तुकडा, कोनाड्यात कुंकवाची डबी. अकरा वाजले होते, आसपास कोणी नव्हतं. मी माझ्या वहीत लिहिलं: बाजूची खोली, बंद, वापर नाही.

चौकशी करायला दोन मिनिटं लागली असती. पण मला भूक लागली होती आणि दत्तबाबूंनी राधाबल्लभीचं नाव काढलं होतं. उडदाचं सारण भरलेली ती पुरी आणि बटाट्याची भाजी. पाच खाल्ल्या.

बुधवार, सभा

सभा दुपारी चारला, पंपघराच्या अंगणात. मोहल्ल्याला इथे पाडा म्हणतात. पाड्यातली साठेक माणसं जमली. पुण्यात सभेला चारची वेळ दिली की सव्वाचारला लोक घड्याळ दाखवतात, इथे साडेचारला आले आणि आधी चहा झाला. पण बोलायला लागले तेव्हा काय सांगू! एकेकाने असं भाषण ठोकलं की मला वाटलं, निवडणूक आहे. क्लबातल्या तरुणांना व्यायामशाळा हवी. एका निवृत्त मास्तरांना वाचनालय. एकाला नदीच्या होड्यांचं संग्रहालय. मी चिठ्ठ्या वाटत फिरत होते: पिवळी म्हणजे या जागेबद्दल मनात काय आहे, गुलाबी म्हणजे काय हवं, निळी म्हणजे कशाची काळजी. फळा रंगीबेरंगी झाला. मी पाण्यातल्या माशासारखी.

बायका मागे बसल्या होत्या, दहा-बारा. त्यांच्या हातातल्या चिठ्ठ्या कोऱ्याच. हे सगळीकडे होतं, आणि त्यावर माझ्याकडे उपाय असतो. आपण स्वतः जाऊन बाजूला मांडी घालून बसायचं. तशी बसले. मधोमध एक सत्तरीच्या बाई होत्या, पांढरी साडी, हिरवा काठ, पदराच्या टोकाला किल्ली बांधून ती खांद्यावरून मागे टाकलेली. त्यांचं नाव मालती. सगळ्या त्यांना मालतीदी म्हणत होत्या.

मी माझ्या हिंदीत विचारलं, या जागेबद्दल तुमच्या मनात काय आहे? त्यांनी आधी पुढे बसलेल्या पुरुषांकडे पाहिलं, मग दत्तबाबूंकडे. मग माझा हात हातात घेतला. माझ्याशी 'तुमी' म्हणून, म्हणजे आपल्या 'तू'सारखं, घरच्या लेकीशी बोलावं तसं बोलल्या.

"की बोलबो, मा? शुधु ओभिमान आछे."

काय बोलू, पोरी, फक्त अभिमान आहे. मला कळलं! बंगाली न शिकता कळलं! मला इतका आनंद झाला की अंगावर काटा आला. मी पिवळ्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात 'अभिमान' लिहिलं, त्यांना दाखवलं, त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग मी उठून माईकवर गेले आणि हिंदीत सगळ्यांना सांगितलं की या आजींना या वास्तूचा अभिमान आहे. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, एकीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, लाजली.

मालतीदी मधूनच उठून गेल्या. मला वाटलं, घरी काम असेल.

गुरुवार, सादरीकरण

खात्याच्या कचेरीत मी सादरीकरण केलं. माझ्याच तोंडाने सांगते, झकास झालं. फळ्याचा फोटो मोठा करून दाखवला आणि शेवटी ती पिवळी चिठ्ठी. इंग्रजीत खाली लिहिलं होतं: प्राइड. स्थानिक महिलांचा पाठिंबा, या रकान्यात बरोबरची खूण. बाजूच्या बंद खोलीत तिकीट खिडकी आणि कॉफीचं दुकान, असं आराखड्यात आलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, त्या खोलीवर कोणाचा हक्क वगैरे? मी म्हटलं, वापरात नाही, मी स्वतः पाहिलीय. साहेब म्हणाले, मग मोजणीसाठी ती लगेच ताब्यात घेऊन टाका.

मी स्वतः पाहिलीय. अशी ऐटीत म्हणाले मी.

संध्याकाळी ट्राममध्ये बसले. माणूस शेजारून चालत पुढे जातो अशा वेगाने ती जाते, आणि कोणाचीच तक्रार नसते. कंडक्टरने मला खिडकी मिळवून दिली. मला हे शहर फार फार आवडलं होतं त्या वेळी, आणि त्यात स्वतःही बरीच आवडले होते.

शुक्रवार, पिठे

संक्रांत तोंडावर आलेली. आपण तिळगूळ करतो, इथे पिठे करतात. वहिनी दुपारी पाटीसापटा करत होत्या, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या पातळ धिरड्यात नारळ-गुळाचं सारण गुंडाळायचं. मी शेजारी बसून गरम गरम खात होते आणि फोनवर त्यांना सभेचे फोटो दाखवत होते. पिवळ्या चिठ्ठीशी आले आणि कौतुकाने सांगितलं, बघा, एकाच शब्दात सगळं बोलल्या, अगदी आपला शब्द.

वहिनींनी उलथनं खाली ठेवलं. नेमकं काय म्हणाल्या, विचारलं. मी मालतीदींची नक्कल करून वाक्य म्हटलं. वहिनींनी गॅस बंद केला.

"सुमन, अगं, तो आपला अभिमान नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. बंगालीत अभिमान म्हणजे गर्व नव्हे. आपल्या माणसाने दुखावलं, विसरलं, विचारलं नाही, की मनात जे दाटून येतं आणि तोंडाने बोलवत नाही, ते. रागही नाही, कारण राग परक्यावरही येतो. रुसवाही नाही, रुसवा पोरकट. "तुझा दादा माझा वाढदिवस विसरला होता तेव्हा मी दोन दिवस धड बोलले नव्हते ना, ते," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या मते बाईंनी मला सांगितलं होतं की आम्हाला कोणी विचारलंच नाही, आता काय बोलू, मनात फक्त दुःख आहे.

आणि मी ते माईकवर सांगून टाळ्या घेतल्या होत्या.

पाटीसापटा हातात तसाच राहिला. वहिनी म्हणाल्या, अगं चुकतं माणसाचं. मला ती समजूत नको होती. मला पहिल्या दिवशी रोहनने शिकवलं होतं, वहिनींनी बजावलं होतं, आणि मी एवढं एक वाक्य कोणाकडून तरी तपासून घेतलं नव्हतं. का? कारण मला कळलं होतं ना! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग वहिनींनी विचारलं, पण दुःख कशाचं? त्या इमारतीत त्या बाईंचं काय आहे? मला सांगता येईना. एकोणीस वर्षं लोकांना बोलतं करणाऱ्या बाईला सांगता येईना. आणि मग मला त्यांच्या पदराची किल्ली आठवली, आणि कुलूप, दोरी, फुटका आरसा, कुंकवाची डबी.

दत्तबाबूंना लगेच फोन केला. चूक सांगितली. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही हिंदीत बोलत होता, हिंदीत अभिमान म्हणजे गर्वच, मी तेच धरलं. त्यांनाही खटकलं असणार, पण मी इतक्या खात्रीने बोलत होते. खोली ताब्यात घेण्याचं थांबवता येईल का विचारलं. म्हणाले, आदेश सकाळीच निघाला.

शनिवार, घाट

विमान दुपारचं होतं. वहिनी म्हणाल्या, मी येते बरोबर, तुझ्या बंगालीवर आता भरवसा नाही. साडेसहाला आम्ही बागबाजारात पोचलो. धुकं होतं, नदीचा पलीकडचा काठ दिसत नव्हता, तिकडून नुसते आवाज येत होते.

त्या वेळेला पंपघर मी पाहिलंच नव्हतं. मंगळवारी अकरा, बुधवारी चार. सकाळी साडेसहाला तिथे वीसेक बायका होत्या. काही पाण्यात, काही ओल्या साडीत कुडकुडत वर येत होत्या, आणि सगळ्या त्या लहान खोलीच्या दाराशी येऊन थांबत होत्या. दारावर नवीन कुलूप होतं, पितळी, चकचकीत, त्यावर खात्याची कागदी पट्टी. पिढ्यान् पिढ्या घाटावर अंघोळीला येणाऱ्या बायका त्या खोलीत साड्या बदलत आल्या होत्या. मालतीदींचे सासरे पंपावर मिस्त्री होते. त्यांनी ती किल्ली आपल्या बायकोला दिली, सासूने मालतीदींना दिली. पहाटे उघडायची, नऊला बंद करायची. हे वहिनींनी तिथल्या एकीला विचारलं आणि दोन मिनिटांत कळलं. तीच दोन मिनिटं. आणि भर सभेत, पाड्यातल्या सगळ्या पुरुषांसमोर, कोणती बाई उठून सांगणार होती की आम्ही लुगडी कुठे बदलतो?

मालतीदी उघड्यावर, भिंतीच्या कोपऱ्यात, कोणाच्या तरी तरुण सुनेसाठी साडीचा आडोसा धरून उभ्या होत्या. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं धरायला कोणाचा हात मोकळा नव्हता, ते वाऱ्याने उडत होतं. त्यांनी मला पाहिलं. ओळखलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी ते टोक माझ्यापुढे केलं.

"एटा धोरुन तो, दिदी."

हे धरा. धोरुन. मागच्या वेळी मी तुमी होते, मा होते. आता आपनी झाले, दिदी झाले. आपल्याकडे 'अगं'ची 'अहो' व्हावी तशी.

मी टोक धरलं. लहानपणी वाईच्या घाटावर संक्रांतीला आई अंघोळ करून वर यायची तेव्हा काकू आणि मी अशीच साडी धरायचो. काकू ओरडायची, सुमे, तोंड तिकडे कर. मला हे माहीत होतं. कोलकात्यात येऊन शिकायची गोष्टच नव्हती, मी घरून घेऊनच आले होते आणि तरी ती खोली मला कळली नव्हती. मी तोंड तिकडे केलं. रुळांवरून माणसं जात होती, बघत होती. ती पोर आडोशामागे थरथरत घाईघाईने निऱ्या करत होती. मग दुसरी आली, मग तिसरी. किती जणी झाल्या मोजलं नाही. हात भरून आले, पण सोडायची हिंमत झाली नाही.

शेवटची बाई गेल्यावर मी मालतीदींसमोर हात जोडले. वाक्य वहिनींकडून वाटेत घोकून घेतलं होतं, त्यामुळे या वेळी शब्द बरोबर होता. म्हटलं, माझ्यावर अभिमान धरू नका.

त्यांनी ओली साडी पिळली, घडी केली. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट हसल्या, पाहुण्याशी हसावं तशा.

"ना दिदी, आपनार ओपोर ओभिमान केनो कोरबो? ओभिमान तो निजेर लोकेर ओपोर होय."

वहिनींना भाषांतर करावं लागलं नाही. तुमच्यावर का अभिमान धरू, तो तर आपल्या माणसांवर धरतात.

मग त्यांनी आम्हाला मातीच्या भांड्यातून चहा पाजला, नको म्हटलं तरी. विमान किती वाजता विचारलं, मुलं किती विचारलं. पदराची किल्ली अजून खांद्यावर होतीच. निघताना मी 'येते' म्हटलं. बंगालीतही जाताना 'आशी' म्हणतात, म्हणजे येते. त्यावर यजमानाने 'एशो' म्हणायचं असतं, ये पुन्हा. त्यांनी 'आशुन' म्हटलं, आपणवालं, अगदी रीतसर.

पुण्यात

आल्या आल्या मी खात्याला पत्र लिहिलं. सभेच्या अहवालात चूक माझी आहे, महिलांचा पाठिंबा नव्हता, खोली वापरात आहे, कृपया कुलूप काढावं आणि फक्त बायकांची सभा सकाळी घाटावर घ्यावी, बंगाली बोलणाऱ्या बाईने घ्यावी, मी नाही. ऑफिसात साहेब म्हणाले, एवढं स्वतःच्या अंगावर घेऊन कशाला लिहितेस. मी सही करून पाठवलं. उत्तर आलं: आपले पत्र मिळाले, विचाराधीन आहे. असली वाक्यं मी जन्मभर वाचत आलेय, त्यांचा अर्थ मला चांगला समजतो.

अहवालातली ती ओळ दुरुस्त करायला बसले तेव्हा 'अभिमान' खोडला आणि त्या जागी काय लिहावं ते सुचेना. शेवटी पूर्ण वाक्य लिहिलं: आम्हाला कोणी विचारलं नाही.

शरयूवहिनी दर शनिवारी सकाळी मेट्रोने बागबाजारला जातात. मी सांगितलेलं नाही, त्या आपणहून जातात आणि साडीचं टोक धरतात. परवा फोनवर म्हणाल्या, कुलूप आहे अजून, पण मालतीदींनी या वेळी घरी नेऊन पिठे खायला घातले. "माझ्याशी तुमी म्हणून बोलतात आता," म्हणाल्या.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही विचारलं का त्यांनी?

"नाही गं," वहिनी म्हणाल्या.